मास्तरांचं ‘नको’

सगळे त्यांना दाढीवाले काका म्हणत. खुद्द काकांच्या हनुवटीवर मात्र उभ्या आयुष्यात कोणी एक खुंट पाहिला नव्हता. एक्केचाळीस वर्षं बसस्टँडसमोर दोन खुर्च्यांचं सलून चालवलेला हा माणूस. दुकान उघडायच्या आधी रोज स्वतःची दाढी करायचा, आणि तीही अशी की गिऱ्हाईकं चेष्टेनं म्हणत, काका, तुमच्या गालावर माशी बसली तर घसरून पडेल. पुढे गुडघ्यांनी दगा दिला. दिवसभर उभं राहणं जमेना, म्हणून दुकान विकलं, आणि पुढच्याच वर्षी बायको गेली. मुलगी लग्न होऊन लांबच्या शहरात. ती दर रविवारी दुपारी फोन करायची, जेवलात का, गोळ्या घेतल्यात का, पाय कसा आहे, असे तीन प्रश्न विचारायची आणि तिसऱ्याचं उत्तर अर्धवट असतानाच तिच्याकडे कोणीतरी दार वाजवायचं.

चर्चमध्ये काकांना ओळखत नाही असा माणूस नव्हता. रविवारी उपासना संपली की दारात दहाजण हात मिळवत, ‘काय काका, बरंय ना?’ म्हणत, आणि उत्तर यायच्या आत पुढच्याचा हात धरत. त्यात त्यांची काही चूक नव्हती. भुकेची वेळ असते, पोरं पायात घोटाळत असतात. पण सोमवार ते शुक्रवार काकांच्या तोंडून जे शब्द निघत ते एक तर दूधवाल्या बाईशी, नाही तर छताच्या पंख्याशी. पंखा कुरकुरायचा आणि काका म्हणायचे, ‘हो रे बाबा, ऐकलं.’ दोन खोल्यांच्या घरात माणूस पंख्याशी बोलायला लागला की समजावं, गाडं कुठवर आलंय.

उरला शनिवार. काकांचा खरा आठवडा म्हणजे तो एक दिवस.

शनिवारी सकाळी आठला चर्चची गाडी निघायची. आजारी आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जायची ही सेवा चर्चच्या आधीच्या धर्मगुरूंनी, पाळकांनी, सुरू केली होती. ज्यांच्याकडे जायचं ती माणसं चर्चच्या मंडळीतलीच असावीत असं काही नव्हतं. निम्म्याहून जास्त घरं बाहेरचीच होती. गाडीत एक रिटायर झालेली नर्सबाई, जखमा धुणारी, एक जोडपं, चादरी बदलणारं, ड्रायव्हर, आणि मागच्या सीटवर खिडकीशी आपली बॅग मांडीवर घेऊन काका. बॅगेत दोन ब्रश, साबणाची वाटी, अर्धं ब्लेड लावायचा वस्तरा, कात्री, मऊ पंचे. गाडीत गप्पा चालत, कोणीतरी थर्मासमधून चहा द्यायचं, ड्रायव्हर काकांच्या टकलावरून विनोद करायचा. काका हसायचे. आठवडाभराचं हसणं त्या गाडीत एकदम व्हायचं.

अंथरुणावरच्या माणसाची दाढी करणं हे सोपं काम नव्हे. खुर्चीतलं गिऱ्हाईक मान स्वतः वळवतं, गाल स्वतः फुगवतं. निजलेल्याचं तसं नसतं. गाल आत गेलेले, कातडी सैल, कुठे हाड लागेल आणि कुठे वस्तरा घसरेल याचा नेम नाही. काका आधी गरम पाण्याचा पंचा तोंडावर ठेवत, मग दोन बोटांनी कातडी ताणून धरत आणि इतक्या हलक्या हातानं वस्तरा ओढत की एका म्हातारबुवांना मध्येच झोप लागायची. महिना महिना ज्यांना कोणी औषधापुरतंच शिवलं होतं, त्यांच्या गालांवरून काकांचे हात वीस मिनिटं फिरत. शेवटी आरसा दाखवायचा. आरशात बघून माणसं पुन्हा माणसात आल्यासारखी दिसत.

आणि मग सामान आवरायच्या आधी काका पलंगाशेजारी उभे राहून विचारत, ‘एक छोटी प्रार्थना करू का? नको असेल तर नको म्हणा. मला राग येत नाही.’

हे विचारणं त्यांना जुन्या पाळकांनी शिकवलं होतं. पहिल्याच शनिवारी गाडीत बसताना त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, ‘दाढी कोणीही करील. तुम्ही ज्याच्या नावानं चाललात त्याचं नाव दाराबाहेर चपलांपाशी ठेवून आत जाऊ नका. आणि ते नाव पुढे करून कोणाच्या घरात घुसूही नका. विचारा. हो म्हटलं तर करा, नको म्हटलं तर पुढच्या वेळी पुन्हा तितक्याच प्रेमानं दाढी करा.’ पाळक नंतर बदलून गेले. काकांनी ही गोष्ट मात्र मनात घट्ट धरून ठेवली.

नऊ घरांपैकी सहा घरी हो असायचं. दोन घरी माणसं नुसती बघत राहायची, त्यांचं काका मनात करायचे. आणि एका घरी खणखणीत नको.

ते घर गणिताच्या मास्तरांचं. शाळेत पस्तीस वर्षं पोरांना पळता भुई थोडी केलेला माणूस. आता झटक्यानं डावं अंग गेलेलं, जिभेवरची धार मात्र शाबूत. मुलगा नोकरीनिमित्त परगावी. घरी सून, बँकेत कारकून, तिच्या घाईला अंत नाही. मास्तरांचा देवाधर्माशी उभा दावा होता. काकांनी विचारलं की ते छताकडे बघत म्हणायचे, ‘नको.’ काका म्हणायचे, ‘बरं मास्तर, येतो,’ आणि बॅग बंद करायचे. तीन वर्षं हे असंच चाललं होतं. गाडीतले लोक चेष्टा करायचे, ‘काय काका, आज तरी?’ काका म्हणायचे, ‘आज जरा गोड म्हणाले नको.’

मग चर्चला नवे सेक्रेटरी आले. तिशी-पस्तिशीचे, कामाला वाघ, मनानं साफ. एका मोठ्या कारखान्याच्या गोदामाचे व्यवस्थापक होते आणि चर्चचं कामही ते तसंच चोख करत. त्यांनी धावपळ करून एक संस्था गाठली. ती संस्था हवेच्या गाद्या देणार होती, ज्यांवर निजलं की पाठीला जखमा होत नाहीत. शिवाय चाकाच्या खुर्च्या. अट एकच: घरी गेलेल्यांनी धर्माचं काही बोलायचं नाही.

चर्चच्या मागच्या खोलीत मीटिंग झाली. सेक्रेटरींनी ठेवणीतल्या आवाजात सगळं समजावलं. ‘प्रार्थना आपण इथे करूच. निघायच्या आधी गाडीत करू. घरी फक्त सेवा. आपल्या कामातूनच लोकांना कळेल की.’

नर्सबाई म्हणाल्या, ‘त्या गाद्या आल्या तर माझ्या निम्म्या पेशंटच्या जखमा भरतील.’ यावर कोण काय बोलणार? खरंच होतं ते.

काकांनी हात अर्धा वर केला. ‘पण आपण विचारतो फक्त. जबरदस्ती थोडीच करतो?’

‘काका, विचारणंसुद्धा त्यात येतं,’ सेक्रेटरी मऊपणानं म्हणाले. ‘तुमच्याबद्दल कोणाचीच तक्रार नाही हो. पण नियम सगळ्यांना सारखा. इथे सही करा, म्हणजे तुमचं कार्ड करायला देतो.’

काकांनी सही केली. का केली, ते त्यांना त्या क्षणीच ठाऊक होतं, आणि म्हणून ते कोणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हते. गाद्यांसाठी सही केली असती तर निदान मान वर राहिली असती. त्यांनी सही केली ती खिडकीजवळच्या त्या सीटसाठी. शनिवारही गेला असता तर उरलं काय? पंखा.

पुढच्या शनिवारी गळ्यात कार्ड घालून काका निघाले. कार्डावर फोटो आणि ‘स्वयंसेवक’ एवढाच शब्द. पहिल्या घरी एका आजीबाईंचे केस कापून झाले. आजीबाईंनी सवयीनं डोळे मिटले, हात जोडले आणि वाट बघत राहिल्या. काकांनी कात्री पुसली, ब्रश पुसला, पुसलेला ब्रश पुन्हा पुसला. शेवटी म्हणाले, ‘येतो आजी.’ आजीबाईंनी डोळे उघडले. जोडलेले हात सोडले. दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. दाढ्या नेहमीसारख्याच गुळगुळीत झाल्या होत्या आणि काकांना मात्र सारखं वाटत होतं, आपण काहीतरी चोरून घेऊन चाललोय.

मास्तरांच्या घरी जाताना त्यांना जरा हायसं वाटलं. म्हटलं, चला, इथे तरी फरक पडायचा नाही. मास्तरांची दाढी झाली. लुळ्या बाजूचा ओठ काकांनी बोटानं हलकेच उचलून कोपरा साफ केला, आरसा दाखवला, पंचा झटकला, आणि बॅगेची चेन ओढली.

‘काय झालं?’ मास्तर म्हणाले.

‘काही नाही मास्तर. येतो.’

‘विचारायचं राहिलं तुमचं.’

काका जागच्या जागी थांबले. ‘आता तसा नियम झालाय. घरी प्रार्थनेचं काही बोलायचं नाही.’

‘मग मी नको कशाला म्हणायचं?’

काकांना वाटलं मास्तर चेष्टा करताहेत, म्हणून ते हसले. पण मास्तरांचा चांगला असलेला अर्धा चेहरा रागानं लाल झाला होता.

‘हसता काय? एकशे एकेचाळीस वेळा नको म्हटलंय मी तुम्हाला. मोजलंय. दुसरं करायला आहे काय मला इथे? डॉक्टर येतो, सुई टोचतो. विचारतो का? सूनबाई टीव्ही लावते, बंद करते, मला या कुशीवरून त्या कुशीवर करते. ती तरी काय करणार, तिला बँक गाठायची असते. मुलगा फोनवर माझी चौकशी तिच्याकडे करतो, मी इथे असताना! या पलंगावर मला कोणी काही विचारत नाही. तुम्ही एकटे विचारत होता. मला नको म्हणता येईल अशी एकच गोष्ट या घरात येत होती, तीही तुम्ही नियमानं बंद केलीत.’

‘मास्तर, मला वाटलं तुम्हाला त्रासच होत असेल.’

‘होतच होता. म्हणून तर नको म्हणत होतो. जा आता.’

काका गाडीत येऊन बसले. ड्रायव्हरनं टकलावरचा विनोद केला. काका हसले नाहीत, तेव्हा त्यानं आरशातून एकदा पाहिलं आणि गाडी चालू केली.

तो आठवडा वाईट गेला. काका दूधवाल्या बाईशीसुद्धा धड बोलले नाहीत. मास्तरांचं बोलणं कानातून जाईना. जुन्या पाळकांनी ‘विचारा’ म्हटलं होतं, तेव्हा काका समजले होते की ही एक सभ्यपणाची रीत आहे. आता त्यांना कळत होतं की विचारणं म्हणजेच निम्मं शुभवर्तमान होतं. दारात उभं राहून वाट बघणारा, नको म्हटलं तर परत जाणारा आणि पुन्हा येणारा. असाच तर आपला प्रभू, असं त्यांनी रविवारच्या शाळेत पोरांना कैक वर्षं सांगितलं होतं. सांगताना किती सोपं वाटायचं!

बुधवारी संध्याकाळी त्यांनी ठरवलं, आपणच प्रार्थना करून बघू, वाट सापडेल. खुर्चीत बसले, डोळे मिटले. शब्दच येईनात. दुसऱ्यांच्या पलंगाशेजारी उभं राहिलं की झऱ्यासारखे शब्द यायचे, आणि इथे एकसुद्धा नाही. आणि मग काकांच्या लक्षात आलं की बायको गेल्यापासून या घरात त्यांनी एकदाही प्रार्थना केलेली नाही. ती असताना रात्रीच्या जेवणाआधी दोघं मिळून करायची. ती गेली आणि ते आपोआप बंद पडलं. प्रभूची भेट ते शनिवारी लोकांच्या घरी घेत होते. स्वतःच्या घरी त्यांनी त्याला कधी बोलावलंच नव्हतं. ते उठले आणि उगाच भांडी घासत बसले.

शुक्रवारी ते सेक्रेटरींच्या गोदामात गेले. सेक्रेटरी खोक्यांच्या रांगांमध्ये उभे होते. त्यांनी काकांना स्टूल दिलं, पाणी दिलं. काकांनी गळ्यातलं कार्ड काढून त्यांच्या हातात ठेवलं.

‘साहेब, मला विचारल्याशिवाय जमायचं नाही.’

सेक्रेटरींनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. ‘काका, मग मला तुम्हाला गाडीत घेता येणार नाही. एकासाठी नियम मोडला तर गाद्या परत जातील. कळतंय ना तुम्हाला?’

‘कळतंय. गाद्या परत जाऊ देऊ नका. नर्सबाई म्हणतात ते खरं आहे.’

‘तुम्ही आपले एकटे जा की. चर्चचं नाव न घेता.’

‘चर्चचं नाव नाही घेणार,’ काका म्हणाले. ‘पण ज्याच्यासाठी चर्च आहे त्याचं घेतल्याशिवाय गेलो, तर मी नुसता सलूनवाला. सलून तर मी कधीच विकलं.’

सेक्रेटरींनी त्यांचा हात धरला. त्यांना खरोखर वाईट वाटत होतं. पण तेवढ्यात मागून कोणीतरी हाक मारली आणि ते गेले.

शनिवारी आठ वाजता काका घराच्या पायरीवर बॅग घेऊन उभे होते. समोरच्या रस्त्यानं चर्चची गाडी गेली. मागच्या सीटवर खिडकीशी चादरींचा गठ्ठा होता. नर्सबाईंनी हात हलवला. काकांनीही हलवला, आणि मग गुडघ्याला शिव्या देत बसच्या थांब्याकडे निघाले. दोन बस बदलून आणि वर अर्धा मैल लंगडत मास्तरांच्या घरी पोचायला त्यांना अकरा वाजले. त्या दिवशी याहून जास्त घरं होणार नाहीत हे उघड होतं.

सूनबाईंनी दार उघडलं. ‘अय्या, एकटेच? आणि गाडी?’

‘आजपासून दोन बस बदलून, आणि पुढे पायी,’ काका म्हणाले. तिनं पुढे काही विचारलं नाही. गॅसवर काहीतरी उतू जात होतं.

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मान भिंतीकडे केली. काकांनी बॅग उघडली. पंचा झाला, ब्रश झाला, मास्तरांचे दोन्ही गाल पांढरेशुभ्र झाले. काकांनी वस्तरा उचलला आणि परत खाली ठेवला. शेवटपर्यंत थांबलो तर धीर सुटेल असं त्यांना वाटलं.

‘मास्तर, एक छोटी प्रार्थना करू का? नको असेल तर नको म्हणा. मला राग येत नाही.’

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज होत होता. मास्तर छताकडे बघत होते.

‘कार्ड कुठंय तुमचं?’

‘परत केलं.’

‘हे विचारायला?’

‘हो.’

मास्तरांनी छतावरची नजर काढून काकांकडे वळवली. मग म्हणाले, ‘करा.’

काकांना ऐकलेलं खरं वाटेना. ते पलंगाजवळ सरकले.

‘माझ्यासाठी नको,’ मास्तर म्हणाले. ‘माझं मत बदललेलं नाही. तुमच्यासाठी करा. दोन बस बदलून आलाय, तोंड बघा किती उतरलंय. मी ऐकतो.’

काकांनी डोळे मिटले. तीन वर्षांत त्यांनी किती माणसांचं दुखणं प्रभूपुढे मांडलं होतं, त्याला गणती नव्हती. स्वतःचं एकही वाक्य त्यांना सापडेना. ओठ नुसते हलले.

‘प्रभू,’ ते म्हणाले, आणि थांबले. ‘प्रभू, ती गेल्यापासून मी घरी तुझ्याशी बोललो नाही.’

आणि पुन्हा थांबले. फळ्यापुढे उभ्या असलेल्या पोराला म्हणावं तसं मास्तर म्हणाले, ‘पुढे?’

‘घरी कोणी नाही. कुलूप उघडायचं माझ्या जिवावर येतं. मी लोकांना सांगतो तू त्यांच्याजवळ आहेस, आणि माझ्या घरी तू आहेस हे मला खरं वाटत नाही. मी घाबरतो तिथे जायला. आज तू माझ्याबरोबर चल.’ काकांचा आवाज फुटला. ‘एवढंच. आमेन.’

डोळे उघडायला त्यांना वेळ लागला. उघडले तेव्हा मास्तर त्यांच्याकडेच बघत होते. साबण त्यांच्या लुळ्या बाजूच्या गालावरून ओघळून मानेपर्यंत आला होता आणि तो पुसून घ्यायला त्यांनी सांगितलं नव्हतं.

‘साबण ओघळला,’ मास्तर म्हणाले. ‘पुन्हा लावा.’

काकांनी साबण पुन्हा लावला, वस्तरा हातात घेतला, पण हात थरथरत होता. त्यांनी तो खाली ठेवला आणि पलंगाच्या कडेला बसले. हात थांबल्याशिवाय वस्तरा लावता येत नाही. मास्तरांना काही घाई नव्हती.